‘ढ’ कोणी ठरवायचा?

मराठी शाळेत ज्याने चार वर्षे काढली, त्याला ‘ढ’ या अक्षराचा दुसरा अर्थ सांगावा लागत नाही. वर्णमालेत ते एक गरीब व्यंजन आहे. पण वर्गात ते एखाद्या मुलाच्या नावाला लागले, की पदवीसारखे चिकटते. जुनी मंडळी सांगतात, ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत इतर अक्षरांची रूपे पार पालटली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ‘ढ’. ही व्युत्पत्ती खरी असो वा कोणी गंमतीने रचलेली असो, तिच्यामागची समजूत मात्र घरोघर आढळते: हा मुलगा असाच, आता याच्यात बदल व्हायचा नाही!

ही पदवी बहाल करण्यासाठी कोणालाही परीक्षा द्यावी लागत नाही. औषध लिहून देण्यापूर्वी डॉक्टरला काही वर्षे शिकावे लागते, कोर्टात उभे राहण्यापूर्वी वकिलाला सनद घ्यावी लागते. पण मुलाच्या बुद्धीवर निकाल द्यायला मास्तर, चुलते, शेजारीण, शिकवणीवाले असे सगळेच मोकळे. अमेरिकेत मात्र गेल्या सव्वाशे वर्षांत या निकालाची जबाबदारी घेणारा एक निराळा व्यवसाय उभा राहिला. त्या माणसाला ‘शालेय मानसशास्त्रज्ञ’ म्हणतात. आज त्याला पदवीनंतर साधारण तीन वर्षे आणखी शिकावे लागते. ही तीन वर्षे आकाशातून पडली नाहीत. आरंभी हे शिक्षण काही आठवड्यांचे होते. आठवड्यांची वर्षे कशी झाली आणि या वाढीची किंमत कोणी चुकती केली, ती हकीकत वाचकांना सांगावी असे मनात आले. कारण शाळेत जाणारी मुले आपल्याही घरात आहेत.

या हकीकतीची सुरुवात एका शिक्षिकेच्या प्रश्नाने झाली, ही आम्हां शिक्षकवर्गाला थोडी अभिमानाची गोष्ट आहे. १८९६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फिया शहरात मार्गारेट मॅग्वायर या शिक्षिका पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील लाइटनर विटमर या तरुण प्राध्यापकाकडे एका चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा एरवी समजूतदार होता, पण त्याला शब्दांची अक्षरे काही केल्या जुळवता येत नव्हती. बाईंचे म्हणणे सरळ होते. मानसशास्त्र हे जर मनाचे शास्त्र असेल, तर या मुलाचे कुठे अडले आहे, ते त्या शास्त्राला सांगता आले पाहिजे.

विटमर हे जर्मनीत लाइपझिग येथे वुंट यांच्या प्रयोगशाळेत शिकून आलेले विद्वान. त्यांची उपकरणे सेकंदाचे सूक्ष्म भाग मोजणारी होती. अशा मुलासाठी त्यांत काही सोय नव्हती. तथापि विटमर यांनी पूर्वी स्वतः शाळेत शिकवलेले असल्यामुळे त्यांनी प्रश्न झटकला नाही. त्यांनी आधी मुलाचे डोळे तपासून घेतले, तेव्हा दृष्टीत दोष निघाला. चष्मा दिला. चष्म्याने काही काम झाले, सगळे झाले नाही. मग त्याच्यासाठी रोज शिकवणीची व्यवस्था केली. त्याच वर्षी विद्यापीठात अशा मुलांसाठी एक चिकित्सालय सुरू झाले. जगातले ते या प्रकारचे पहिले चिकित्सालय समजतात. पुढच्या वर्षी, १८९७ च्या उन्हाळ्यात, विटमर यांनी चार आठवड्यांचा एक वर्गही चालवला. अशा मुलांना कसे तपासावे, हे त्यात शिकवले जाई. ज्या शिक्षणाची ही हकीकत आहे, त्याचे बारसे त्या उन्हाळ्यात झाले असे म्हणायला हरकत नाही.

विटमर यांची रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी मुलाला नाव ठेवण्याआधी डोळे तपासले. हा क्रम पुढे काही वर्षे लोक विसरले, आणि ते होण्याला कारण झाले एक फार उपयोगी साधन.

हे साधन पॅरिसमध्ये तयार झाले. सक्तीच्या शिक्षणामुळे तिकडच्या शाळांत सर्व थरांतली मुले येऊ लागली होती, आणि कोणाला जादा मदत हवी हे ओळखण्याचा प्रश्न सरकारपुढे होता. १९०४ मध्ये त्यासाठी एक समिती नेमली गेली, तिच्यात आल्फ्रेद बिने होते. १९०५ मध्ये त्यांनी आपले सहकारी तेओदोर सिमाँ यांच्यासह तीस प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. पहिला प्रश्न म्हणजे पेटती काडी हलवली तर मूल तिच्यामागे नजर फिरवते का, इतका सोपा. शेवटचे अर्थातच कठीण. १९०८ मध्ये त्यांनी हे प्रश्न वयावार लावले. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे, आणि असेच वर वर चढत जावे. दहा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या मुलाइतकेच प्रश्न सुटले, तर त्याचे ‘मानसिक वय’ आठ. पुढे १९१२ मध्ये जर्मनीतल्या श्टेर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायला सांगितले. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या टर्मन यांनी तो भागाकार शंभराने गुणून प्रचारात आणला. आपल्या मुलाचा बुद्ध्यंक ८० झाला!

बिने यांना या आकड्याची ओढ नव्हती. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, वाढवता न येणारी वस्तू आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी आपल्या हयातीतच विरोध केला होता. मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी लक्ष देण्याचे, स्थिर बसण्याचे, आठवण्याचे व्यायाम सुचवले होते. त्यांच्या दृष्टीने मोजपट्टी हे मदतीची गरज शोधण्याचे साधन होते. १९११ मध्ये ते वारले. मोजपट्टी तोपर्यंत अटलांटिक ओलांडून गेली होती.

न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड येथे मंदबुद्धी मुलांची एक संस्था होती. तेथील संशोधक हेन्री गॉडर्ड यांनी १९०८ मध्ये ही पट्टी अमेरिकेत नेली. त्यांना ती सोन्यासारखी वाटली. थोड्या कमी बुद्धीच्या माणसांसाठी त्यांनी ग्रीक शब्दावरून ‘मोरॉन’ असा नवा शास्त्रीय शब्द घडवला. त्या शब्दाचे पुढे काय झाले, हे इंग्रजी सिनेमे पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. आपला ‘ढ’ निदान मूळचे अक्षर तरी आहे. व्हाइनलँडला उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांचे वर्ग भरू लागले. काही आठवड्यांत पट्टी लावायला शिकायचे आणि आपल्या गावी परतून मुले मोजू लागायचे. शाळांना ही माणसे हवीच होती. परदेशांतून आलेल्या कुटुंबांची मुले वर्गात दाटली होती, आणि चौथी-पाचवीत अडकून पडलेल्या मुलांचे काय करावे, हे कोणालाच सुचत नव्हते.

या घाईवर पहिला कडक आक्षेप घेणारे गृहस्थ म्हणजे वॉलेस वॉलिन. ते स्वतः मुले तपासत, त्यामुळे त्यांचे बोलणे अडाण्याचे म्हणता येईना. त्यांनी एक साधा प्रयोग केला. आयोवा राज्यातले सुखवस्तू, आपापल्या धंद्यात यशस्वी झालेले काही लोक घेतले आणि त्यांना ती पट्टी लावली. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला, पण शेती आणि व्यवहार उत्तम सांभाळून पैसा केलेला एक वयस्क शेतकरी त्या पट्टीप्रमाणे मंदबुद्धी ठरला! मग पट्टी चुकली की शेतकरी, हे वाचकांनीच ठरवावे. आपल्याकडे सही करता न येणारी, पण दुधाचा तीन महिन्यांचा हिशेब पैपैसह तोंडावर ठेवणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना उत्तर शोधायला वेळ लागणार नाही. १९१५ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने ठरावच केला, की पुरेसे शिक्षण नसलेल्यांनी अशा चाचण्यांवरून निदान करू नये. ठराव चांगला होता. पण ‘पुरेसे शिक्षण’ म्हणजे किती, याचे उत्तर त्या वेळी कोणापाशी नव्हते.

त्याच १९१५ साली कनेक्टिकट राज्याच्या शिक्षण मंडळाने आर्नल्ड गझेल यांना नेमले. ‘शालेय मानसशास्त्रज्ञ’ हा हुद्दा अधिकृतपणे मिळालेले अमेरिकेतले ते पहिले गृहस्थ. त्यांची तयारी पाहण्यासारखी आहे. आधी शिक्षक आणि मुख्याध्यापक. मग मानसशास्त्रातली डॉक्टरेट. मग पुन्हा विद्यार्थी होऊन वैद्यकाची पदवी. एकाच माणसात मास्तर, मानसशास्त्रज्ञ आणि वैद्य असे तिघे एकत्र आलेले. ते खेडोपाडीच्या शाळांत जात, मागे पडलेली मुले पाहत आणि वर्गातच त्यांच्यासाठी काय करता येईल हे शिक्षकांना सांगत. पण असे गझेल किती मिळणार? देशाला हजारो माणसे हवी होती, आणि ती तयार करणारी विद्यापीठे अजून व्हायची होती.

तोवर आकड्याचा अंमल शाळेबाहेरही पसरला. व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये मंदबुद्धी ठरलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. कॅरी बक या गरीब तरुणीला आणि तिच्या आईला टर्मन यांच्या पट्टीने मोजले गेले आणि दोघींची मानसिक वये लहान मुलांइतकी असल्याचे कोर्टापुढे आले. कॅरीची मुलगी व्हिव्हियन तेव्हा सात महिन्यांची. तिच्याकडे पाहून एका समाजसेविकेने साक्ष दिली, की हे मूलही काही नीट दिसत नाही. तीन पिढ्यांची मंदबुद्धी सिद्ध झाली असे धरून १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याला मान्यता दिली आणि कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. पुढे व्हिव्हियन शाळेत जाऊ लागली. १९३१ मध्ये तिचे नाव शाळेच्या गुणवंत मुलांच्या यादीत आले. दुसऱ्याच वर्षी, आठ वर्षांची असताना, ती आजारपणात गेली. न्यायालयाने जिला पाळण्यातच मंदबुद्धी म्हटले, तिच्याबद्दल शाळेच्या दप्तरात हा एवढा पुरावा राहिला. गॉडर्ड यांनीही १९२८ मध्ये आपली पूर्वीची मते चुकली असल्याचे जाहीरपणे मान्य केले. पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते.

अशा अनुभवांतून शिक्षणाची गरज हळूहळू पटत गेली. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क विद्यापीठात खास शालेय मानसशास्त्रज्ञांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच विद्यापीठात डॉक्टरेट केलेले आल्बर्ट बेकहॅम १९२९ पासून शिकागोच्या शाळांत काम करू लागले. ते कृष्णवर्णीय समाजातले पहिले शालेय मानसशास्त्रज्ञ मानले जातात. मुलाला समजायचे तर त्याचे घर, आईबाप आणि वस्ती समजली पाहिजे, या विश्वासाने ते पालकांना बरोबर घेऊन काम करीत. १९३० मध्ये गर्ट्रूड हिल्ड्रेथ यांनी या कामावर पहिले स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याच दशकात न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांनी सनदेचे नियम केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांची संख्या वाढली, शाळा वाढल्या. १९५३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात या विषयाचा पहिला पद्धतशीर डॉक्टरेट अभ्यासक्रम सुरू झाला. १९५४ च्या ऑगस्टमध्ये हडसन नदीकाठी वेस्ट पॉइंट येथील थेअर हॉटेलात ४८ जाणकार जमले आणि नऊ-दहा दिवस एकाच गोष्टीवर बोलले: या माणसाला काय यायला हवे आणि ते शिकायला किती वर्षे लागावीत? त्यांनी दोन पायऱ्या सुचवल्या. पूर्ण जबाबदारी घेणाऱ्याला डॉक्टरेट. त्याच्या देखरेखीखाली चाचण्या घेणाऱ्याला पदवीनंतर दोन वर्षे. कागदावर व्यवस्था झकास होती. प्रत्यक्षात डॉक्टरेटवाले थोडे आणि शाळा फार, म्हणून दुसऱ्या पायरीवरच्याच माणसांनी बहुतेक भार वाहिला. १९६९ मध्ये सेंट लुइस येथे त्यांनी आपली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना काढली. डॉक्टरेट हवी की नको, हा वाद दोन्ही संघटनांत आजही मिटलेला नाही.

पण शिक्षणात खरा पालट घडवला तो परिषदेने नव्हे, कॅलिफोर्नियातल्या काही आईबापांनी. तिथल्या शेतमजूर वस्तीतल्या, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांना इंग्रजीतून चाचणी देऊन मंदबुद्धींच्या वर्गात बसवले होते. त्यांना दोन्ही भाषांत पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांचे आकडे मर्यादेच्या वर गेले! म्हणजे मोजली गेली होती ती त्यांची इंग्रजी. १९७० मध्ये सरकारला तडजोड करावी लागली आणि मुलाच्या घरच्या भाषेतही तपासणी करण्याचे कबूल करावे लागले. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने दुसरा दावा दाखल झाला. ज्या चाचण्यांवर त्यांना खालच्या वर्गात टाकले, त्यांची जुनी कोष्टके केवळ गोऱ्या मुलांवरून बांधलेली होती. १९७९ मध्ये न्यायाधीश पेकहॅम यांनी अशा वर्गांत टाकण्यासाठी या मुलांवर बुद्धिचाचण्या वापरायला मनाई केली. पुढच्याच वर्षी शिकागोच्या एका खटल्यात दुसऱ्या न्यायाधीशांनी नेमका उलट निकाल दिला, हेही सांगितले पाहिजे; प्रश्न इतका सरळ नव्हता. दरम्यान १९७५ मध्ये देशाचा कायदा झाला. अपंग मुलालाही सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे. कोणत्याही एकाच चाचणीवर निर्णय करायचा नाही. शक्य तो मुलाच्या भाषेत तपासायचे. आईबापांच्या संमतीवाचून हात लावायचा नाही. आणि प्रत्येक मुलासाठी शिकवण्याची स्वतंत्र योजना लेखी करायची.

आजचा तिकडचा अभ्यासक्रम या सगळ्या इतिहासाचा जणू हिशेब आहे. पदवीनंतर दोन वर्षे वर्ग, त्यासोबत शाळांत हाताखालचे काम, आणि मग एक वर्ष उमेदवारी. राष्ट्रीय संघटनेच्या मानकाप्रमाणे ही उमेदवारी निदान १२०० तासांची, त्यांतले ६०० तरी शाळेत. विद्यार्थी बालविकास शिकतो, संख्याशास्त्र शिकतो, कायदा शिकतो, वाचन-गणित कसे येते आणि कसे अडते ते शिकतो. चाचणी घेणे हा त्याचा एक भाग झाला. वर्गात मागे बसून मुलाकडे पाहणे, बाईंशी आणि आईबापांशी बोलणे, शाळेत कोणाचा मृत्यू झाला तर मुलांना सावरणे, हेही त्याला अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली करावे लागते.

आकड्याविषयी त्याला जे शिकवतात, ते कुठल्याही वाण्याला सहज कळेल. तराजूला पासंग असतो. ७० हा आकडा आला, तर खरा आकडा ६५ ते ७५ च्या दरम्यान कुठे तरी आहे एवढेच म्हणायचे. मग मूल रात्री झोपले होते का, त्याला ऐकू येते का, परीक्षकाची भाषा त्याची होती का, हे विचारायचे. आणि हे सारे झाल्यावर अहवाल लिहायचा. त्या अहवालात आता सोमवारपासून वर्गात काय करायचे हे नसेल, तर तो अपुरा. तीन वर्षांचे हे शिक्षण बऱ्याच अंशी निकाल लांबणीवर टाकायला शिकण्याचे शिक्षण आहे. विटमर यांनी डोळे तपासले, तिथेच गाडी फिरून आली आहे.

तिकडेही सारे आलबेल नाही. ५०० मुलांमागे असा एक माणूस असावा, ही संघटनेची शिफारस. अलीकडच्या वर्षांत प्रत्यक्ष सरासरी तिच्या दुपटीहून जास्त आहे. शिकायला लांब आणि खर्चिक, म्हणून माणसे कमी पडतात. मग कोणीतरी म्हणतोच, शिक्षण थोडे आखडते घ्यावे. तेव्हा शहाणी माणसे व्हाइनलँडच्या उन्हाळी वर्गांची आठवण देतात.

आपल्याकडे या विद्येचा धागा जुना आहे. धारवाडचे शिक्षणतज्ज्ञ डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात बिने यांची पट्टी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बांधली. प्रश्नांचा नुसता तर्जुमा करून भागणार नाही, ते आपल्या मुलांवर पडताळले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. १९४० मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. बिने-कामत चाचणीचे नाव आजही ऐकू येते. १९९६ पासून महाराष्ट्रात वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. त्यासाठी तपासणी आणि दाखला लागतो, आणि कित्येक घरांत त्या दाखल्यामुळे प्रथमच कळले, की आपला मुलगा आळशी नव्हता. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही ही अडचण नावानिशी आली आहे.

प्रत्येक गावच्या शाळेत असा शिकलेला तज्ज्ञ येईल तेव्हा येवो. तोपर्यंत मुलाला पहिल्यांदा पाहणारे आपणच आहोत: घरी आई, वर्गात बाई. मॅग्वायर बाईंजवळ पदवी नव्हती ती तपासणीची. त्यांच्याजवळ एक अडलेला मुलगा आणि त्याला ‘ढ’ म्हणून सोडून न देण्याचा हट्ट होता. त्यांनी निकाल दिला नाही, प्रश्न विचारला. तज्ज्ञ व्हायला तीन वर्षे लागतात. पण मुलाला फळा नीट दिसतो का, एवढे विचारायला कोणालाच सनद लागत नाही. दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरेल, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलासाठी आपल्याला एवढे करता येईल.